चाकाला बांधलेलं फडकं

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्या घरात आजवर जे लिहिलं गेलं ते खडूने, कूलरच्या पत्र्यावर: कूलर कोणाचा, घास बदलायचा की मोटर बघायची, एवढंच. माझे बाबा वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी उन्हाळाभर कूलर दुरुस्त करतात आणि बाकीचं वर्ष मिळेल ते काम करतात. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. शाळेत निबंध लिहिताना माझी पानं नेहमी अर्धीच भरायची. अशा मुलाने एखाद्या ऋतूबद्दल लिहायला बसावं, हे मलाच जरा धाडसाचं वाटतं. पण उन्हाळा परत आला आहे, परीक्षा परत आली आहे, आणि मागच्या वर्षी याच दिवसांत मी कागदावर लिहिलेल्या एका ओळीमुळे एका माणसाचं काम गेलं होतं. एका ओळीने एवढं होत असेल, तर पुढच्या चार ओळीही मीच लिहायला हव्यात.

वाघोलीतल्या आमच्या खोलीत चौघांत मिळून एक कूलर आहे. एप्रिलमध्ये त्याच्या जाळीत लाकडाच्या तंतूंचा नवा घास भरला की पहिले दोन दिवस खोलीभर ओल्या लाकडाचा वास येतो. खोलीतली बाकीची मुलं नाक मुरडतात. मी मात्र पुस्तक घेऊन त्याच्या अगदी समोर बसतो, कारण तो वास म्हणजे माझं घर आहे. आमच्या अंगणात उन्हाळ्यात घासाचे भारे पडलेले असायचे, आई ते मोकळे करून जाळीत भरायची, तिच्या बोटांना बारीक कुसळं लागायची. आणि घास आला म्हणजे परीक्षा आली, हेही तेव्हापासूनच ठरलेलं. चौथीपासूनचे सगळे पेपर मी त्या वासात दिले आहेत.

दुपारी साडेतीनच्या सुमारास खिडकीखालच्या पंपरूममधून मोटर सुरू झाल्याचा आवाज येतो. आधी एक हुंकार, मग सलग घरघर. माझी नजर आपोआप घड्याळाकडे जाते. किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली. या बिल्डिंगचं पाणी चढायला किती वेळ लागतो, हे तिच्या मालकालाही माहीत नसेल, पण मला माहीत आहे. ही सवय मला अण्णांनी लावली.

मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक छोटा प्रकल्प करायचा होता. एखादी चालती इमारत घ्या, असं सर म्हणाले. ती वीज कुठे वाया घालवते ते शोधा, आणि नवीन काही विकत न घेता काय सुधारता येईल ते सांगा. बाकीच्या मुलांनी खराडीतली काचेची ऑफिसं धरली, तिथले एसी, तिथले मोठाले थंड पाण्याचे प्लांट. मला कुठेच ओळख नव्हती. शेवटी खराडीच्याच मागच्या बाजूला, अकरा मजल्यांच्या एका जुन्या सोसायटीत मी नुसताच गेटवर जाऊन उभा राहिलो. वॉचमनने मला सेक्रेटरींकडे पाठवलं.

सेक्रेटरी म्हणजे आगाशे मॅडम. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी दार उघडून माझं पत्र दारातच पूर्ण वाचलं, त्यातली एक चूक पेनने दुरुस्त केली आणि मग म्हणाल्या, “इंजिनिअर होणार आहात, तेव्हा चपला दाराबाहेर काढायच्या असतात हे शिकवायला लागणार नाही.” मी चपला काढल्या. त्यांनी पाणी दिलं आणि अडचण सांगितली. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांना पाणी पुरत नव्हतं. खालच्या टाकीत पाणी असायचं, टँकरही यायचे, पण ते गच्चीवरच्या टाकीत चढायलाच फार वेळ लागायचा. पंप जवळजवळ दिवसभर चालू असल्यासारखा. समितीने नवा, मोठा पंप घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. “त्याआधी कोणीतरी फुकट बघत असेल तर आमची काही हरकत नाही,” त्या म्हणाल्या.

पंपरूम तळघराच्या कोपऱ्यात होती, पार्किंगच्या उतारावरून खाली. एप्रिलच्या उन्हातून तिथे गेलं की डोळ्यांना काही दिसायचं नाही, आणि अंगाला मात्र ओला गारवा लागायचा. तिथे सोसायटीचे पंप ऑपरेटर, अण्णा, बसलेले असत. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, अर्ध्या बाहीचा सदरा, गुडघ्यावर कायम एक स्क्रू ड्रायव्हर. पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला लावून मूठ माझ्या कानाला टेकवली. आत काहीतरी एकसारखं गोल फिरत होतं, वाळू चाळल्यासारखं.

“काय ऐकू आलं?”

मी म्हणालो, आवाज.

“आवाज तर रिक्षाचा बी येतो,” अण्णा म्हणाले. “उद्या परत ऐक.”

रोज दुपारी मी जात राहिलो. आठव्या दिवशी मला बेअरिंगचा आवाज पाण्याच्या आवाजापासून वेगळा ऐकू आला. अण्णांनी नुसती मान हलवली आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. अनेकांनी मला चांगलं म्हटलं होतं, पण त्या अर्ध्या भाकरीएवढं मोठं प्रशस्तिपत्र मला तोवर मिळालं नव्हतं.

अण्णा मूळचे खराडी गावचेच. शहर वाढत आलं आणि गाव त्यात गेलं. सोसायटीच्या जागेवर पूर्वी ऊस होता. तेव्हा नदीवरच्या पंपावर अण्णाच असायचे आणि शेतांना पाळीने पाणी द्यायचे. “तवा बी पानी मीच देत हुतो, आता बी मीच देतोय. फकस्त ऊस बोलत नव्हता,” असं ते म्हणायचे. एखाद्या फ्लॅटमधून तक्रारीचा फोन आला की हे वाक्य ठरलेलं.

आम्ही मिनिटं मोजायचो. अण्णा बटण दाबायचे, मी वेळ लिहायचो. वरची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन पंप आपोआप बंद व्हायचा आणि मी परत वेळ लिहायचो. अठ्ठ्याण्णव मिनिटं. शंभर. सत्त्याण्णव. मधल्या वेळेत पंपरूमच्या पायरीवर बसून मी फ्लुइड मशिनरीचं पुस्तक वाचायचो आणि अण्णा मला त्यातली चित्रं विचारायचे. पंपाच्या आतल्या फिरत्या पात्यांचं चित्र बघून ते खूश झाले होते. आयुष्यभर तो पंप त्यांनी बाहेरूनच ऐकला होता.

त्या खोलीत एक गोष्ट मात्र ते मला पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले होते. पंपातून वर जाणाऱ्या पाइपवर एक व्हॉल्व्ह होता, त्याचं गोल चाक जुन्या लाल फडक्याने पाइपला बांधून ठेवलेलं. फडक्याचा रंग उडून विटकरी झालेला. “त्या चाकाला हात न्हाय लावायचा,” अण्णा म्हणाले होते. मी बरं म्हणालो. का, ते विचारलं नाही. तेव्हा मला ते देवाधर्माचं काहीतरी वाटलं. पंपाला दसऱ्याला हार घालतात, तसंच हेही असेल.

मग गेज आलं. पंपाच्या तोंडाशी दाब दाखवणारी ती तबकडी मला आधी बिघडलेली वाटली, कारण अकरा मजले पाणी चढवायला चार किलोच्या आसपास दाब पुरायला हवा आणि काटा सहाच्या जवळ होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांच्या सहीने मी दुसरं गेज आणलं. तेही सहाच्या जवळ. म्हणजे पंप ताकद लावत होता आणि ती ताकद वर पोहोचायच्या आधीच कुठेतरी जिरत होती. मी पाइपावरून हात फिरवत गेलो आणि फडक्यापाशी थांबलो. चाकाच्या दांड्यावरचे आटे मोजले. व्हॉल्व्ह जेमतेम पाव उघडा होता. पाणी चिमटीतून जावं तसं त्या फटीतून जात होतं.

त्याच आठवड्यात गावची जत्रा होती. अण्णा दोन दिवस रजेवर गेले. पालखीला त्यांच्या घरचा मान असतो. पंपाची बटणं वॉचमनला दाखवून ठेवली होती. माझा रिपोर्ट चार दिवसांवर आला होता. मी फडक्याची गाठ सोडली.

चाक घट्ट होतं. दोन्ही हातांनी, थोडं थोडं करत मी ते पूर्ण उघडलं आणि पंप चालू केला. काटा खाली आला, सव्वाचारवर स्थिर झाला. मोटरचा सूर बदलला. धापा टाकणारा माणूस नीट श्वास घ्यायला लागावा तसा. मी पायरीवर बसलो, पुस्तक उघडलं आणि एक ओळही वाचली नाही. चोपन्न मिनिटांत टाकी भरली. अठ्ठ्याण्णवच्या जागी चोपन्न. नवा पंप नको, काही नको, नुसतं एक चाक.

आणि मग पंप थांबला आणि तो आवाज झाला.

पाइपावर कोणी घण घालावा तसा. एकदा मोठा, मग वर वर जात लहान होत गेलेले तीन. भिंतीचा गिलावा थोडा झडला. मी ताडकन उभा राहिलो. वॉचमन धावत आला. शेजारच्या प्लॉटवर पायासाठी खडक फोडत होते, तिकडचाच धक्का असेल असं तो स्वतःच म्हणाला, आणि मी त्याला दुजोरा दिला. तो गेल्यावर मी चाक आटे मोजून होतं तिथे आणलं आणि फडकं पुन्हा बांधलं. गाठ माझी होती, अण्णांची नव्हती. कोणीही ओळखलं असतं.

रिपोर्टच्या नमुन्यात ‘कारण’ असा एक रकाना होता. मी लिहिलं: ऑपरेटरने परस्पर व्हॉल्व्ह आवळून ठेवल्यामुळे. तीच ती ओळ. आवाजाबद्दल लिहिलं नाही. तो कसला होता ते मला कळलं नव्हतं, आणि चोपन्न हा आकडा इतका स्वच्छ होता की त्याच्या शेजारी न कळलेलं काही ठेवावंसं वाटलं नाही. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर तो रिपोर्ट हातात धरला. मी घरी फोन करून सांगितलं. आईने शेजारच्यांना सांगितलं.

समितीची बैठक क्लब हाउसमध्ये झाली. सहा-सात जण, मी आणि दाराशी उभे असलेले अण्णा. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. आगाशे मॅडमनी तो रकाना मोठ्याने वाचला. शिक्षिकेचा आवाज, एकही अक्षर वाया जात नाही. मग विचारलं, “अण्णा, हे खरं आहे?”

“हाय,” अण्णा म्हणाले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “तू उघाडलंस तवा आवाज आला का?”

इतका साधा प्रश्न. उत्तर हो असं होतं. पण माझ्या हातात रिपोर्ट होता, त्यावर सरांची शाबासकी होती, आणि आवाज आला म्हटलं तर पुढचं मला काहीच सांगता आलं नसतं. मी म्हणालो, “फार नाही.”

अण्णांनी मान हलवली, बेअरिंगचा आवाज मी ओळखला होता तेव्हा हलवली होती तशीच. समितीतले एक गृहस्थ म्हणाले की पाणी अडवायलाच माणूस ठेवला असेल तर माणसापेक्षा यंत्र बरं, यंत्राला निदान स्वतःचं डोकं नसतं. दोघं हसले. पॅनेल बसवायचं ठरलं, आपोआप चालू, आपोआप बंद, बिघाड झाला तर मोबाइलवर कळवणारं. महिनाअखेरीपासून अण्णांनी यायची गरज नव्हती. ते त्याआधीच यायचे थांबले. जाताना त्यांनी चाकाला हात लावला नाही. नवीन माणूस येऊन सगळं एकदम बसवेल, असं म्हणून इतरांनीही नाही.

मग पेपर सुरू झाले. फ्लुइड मशिनरीच्या पेपरात, शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: वेगाने वाहणारं पाणी अचानक थांबलं तर पाइपमध्ये बसणारा आघात आकृतीसह समजावून सांगा. त्या हॉलमध्ये पंखे गरम वारा फिरवत होते, बाहेर गुलमोहराखाली पर्यवेक्षकांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि मला बसल्या जागी तो घण ऐकू आला. मी दोन पानं लिहिली. पंप थांबला की वर चढलेलं पाणी मागे फिरतं. ते फिरू नये म्हणून खाली एक झडप असते. झडप जुनी होऊन उशिरा मिटायला लागली की मागे आलेलं पाणी तिच्यावर आपटतं. पाणी जितक्या जोरात जात असेल तितका दणका मोठा. म्हणून वाट बारीक केली, तर पाणी सावकाश जातं आणि दणका उरत नाही. लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. अण्णांनी पाणी अडवलं नव्हतं. त्यांनी आवाज अडवला होता. हे त्यांना पुस्तकाशिवाय कळलं होतं, आणि मला पुस्तक समोर असून पायरीवर कळलं नव्हतं.

कोणासाठी अडवला, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

मे महिन्यात घरी गेलो. आमच्याकडचं ऊन पुण्याच्या उन्हासारखं नसतं. ते दार वाजवत नाही, सरळ आत येतं. सकाळी सातलाच बाबा आणि मी सायकलला पेटी अडकवून निघायचो. माझं इंजिनिअरिंग बाबांना एवढंच माहीत की त्यात मोटर असते. पण लोक त्यांना म्हणत की कूलर गार करत नाही, मोठा पंखा बसवा, तेव्हा बाबा आधी घराच्या मागच्या बाजूला जाऊन खिडकी उघडी आहे का ते बघत. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर मोठा पंखा काय करणार. घास धुऊन, पाण्याची भोकं तारेने मोकळी करून, खिडकी वीतभर उघडून ते निघायचे आणि खोली गार झालेली असायची. सर जे आम्हाला तीन वर्षं शिकवत होते ते बाबा माझ्या जन्माआधीपासून करत होते. हे मला त्या मे महिन्यातच दिसलं, आणि इतक्या उशिरा दिसलं याची लाज वाटली, आणि दिसलं याचा आनंदही झाला.

एका घरी कूलरच्या एका पायाखाली दगड होता. मी कूलर सरळ करायला म्हणून तो काढायला वाकलो. बाबांनी माझा हात धरला.

“गोटा कोनं ठेवला, काहून ठेवला, हे इचारल्याबिगर उचलू नोको बापा,” ते म्हणाले.

घरातल्या आजींनी सांगितलं, कूलरची टाकी एका कोपऱ्यात गळते. दगड काढला की पाणी थेट त्यांच्या अंथरुणाखाली जातं. बाबांनी आधी कोपरा डांबराने बुजवला आणि मग दगड काढला. दुपारी कडुनिंबाखाली डबा खाताना मी त्यांना सगळं सांगितलं. फडकं, आवाज, ‘फार नाही’. त्यांनी जेवण संपवून डबा बंद केला. मग एवढंच म्हणाले की ज्याची गाठ सोडली त्याच्या दारी जाऊन ये.

कॉलेज सुरू झालं तसा मी सोसायटीत गेलो. अण्णा मुलीकडे लोणी काळभोरला गेले, असं वॉचमन म्हणाला. पत्ता म्हणजे एवढाच, की जावयाचं पिठाच्या गिरणीशेजारी घर आहे. हडपसरला बस बदलून, तीन गिरण्या पालथ्या घालून मी पोचलो. अण्णा अंगणात नातीची सायकल उलटी ठेवून तिच्या चाकाला तेल घालत होते. मला बघून त्यांनी नातीला पाणी आणायला सांगितलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो की आवाज आला होता, मोठा आला होता, मी खोटं बोललो.

“ठावं हाय,” अण्णा म्हणाले. “गाठ तुझी हुती. जत्रंहून आल्याव लगेच बघितली.”

म्हणजे बैठकीच्या आधीपासून त्यांना सगळं माहीत होतं आणि तरीही त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. बस, म्हणाले, म्हणून मी बसलो. मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी आगाशे मॅडमच्या सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांच्या खोलीच्या भिंतीमागून तो पाइप जातो. दुपारचा पंप थांबला की आवाज व्हायचा आणि झोपलेली म्हातारी दचकून रडायला लागायची. अण्णा एकदा वर नळ बघायला गेले असताना त्यांनी ते पाहिलं. झडप बदला म्हणून त्यांनी तेव्हाच्या समितीला दोनदा सांगितलं. बघू, असं उत्तर आलं. मग त्यांनी चाक आवळलं, आवाज बंद होईपर्यंत, आणि कोणी चुकून फिरवू नये म्हणून फडकं बांधलं.

“म्हातारी चार म्हैन्यांनी गेली. मी बी इसरलो,” अण्णा म्हणाले. “चूक माझी हायच की. माणूस गेल्याव गाठ सोडाया पायजे हुती.”

मग तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी सायकलचं चाक फिरवून पाहिलं. इतकी वर्षं झाल्यावर, सगळ्यांच्या पुढं, बाईंना त्यांच्या सासूच्या हालांची आठवण कशाला द्यायची, असं काहीतरी ते पुटपुटले. परत याल का, यावर ते हसले. निघताना त्यांच्या मुलीने मला ताज्या ज्वारीचं पीठ बांधून दिलं. खोलीवर त्याची भाकरी करणारं कोणी नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

मी रिपोर्ट दुरुस्त केला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं की मागे फिरणारं पाणी अडवणारी झडप झिजली आहे, त्यामुळे आघात होतो. तो एका आजारी व्यक्तीला त्रास देत होता म्हणून ऑपरेटरने व्हॉल्व्ह आवळला होता. झडप बदला म्हणून त्यांनी समितीला त्याआधी दोनदा सांगितलंही होतं. चोपन्न मिनिटांच्या शेजारी तो घण लिहिला. उपाय म्हणून लिहिलं: आधी झडप बदला, मग चाक उघडा, आणि ज्याला यातला फरक ऐकू येतो असा माणूस ठेवा. सरांना नेऊन दिला. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाले, “हा मला जास्त आवडला. मार्क मात्र तेच राहतील.” दुसरी प्रत मी आगाशे मॅडमच्या नावाने सोसायटीच्या ऑफिसात ठेवली, सोबत मराठीत एक पत्र जोडून. त्यात माझं खोटंही लिहिलं. म्हातारबाईंचं नाव लिहिलं नाही. अण्णांनी तेवढं एक बजावलं होतं.

उत्तर आलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. एकदा त्या रस्त्याने गेलो तर मॅडम मुलीकडे बंगळुरूला गेल्याचं आणि पॅनेलचं काम रखडल्याचं कळलं. दुसऱ्यांदा गेलो नाही. प्रत्येक वेळी गेटवर जाऊन उत्तर मागणं हे मला हक्क सांगितल्यासारखं वाटायला लागलं. थंडीत आमच्या खोलीचा कूलर कापडात गुंडाळून पलंगाखाली गेला. मला मात्र कुठेही पंप सुरू झाला की अण्णा आठवायचे आणि पाठोपाठ माझे दोन शब्द.

आणि तरीही, वर्षाकडे मागे वळून बघतो तेव्हा माझ्या वाट्याला मिळालेलंच जास्त दिसतं. मला ऐकायला शिकवणारा माणूस मिळाला. हात धरून थांबवणारे बाबा मिळाले. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्या एका म्हातारीच्या दुपारच्या झोपेमुळे मला कळलं की वाया जाणारी प्रत्येक गोष्ट निष्काळजीपणाने वाया जात नसते. कधीकधी ती कोणीतरी कोणासाठी तरी बाजूला ठेवलेली असते, आणि मग सोडवायची राहून जाते. पुढे मला हेच काम करायचं आहे. इमारतींमध्ये जायचं, पंप ऐकायचे, एसीच्या मशिनांना हात लावून बघायचं, कुठे काय विनाकारण धापा टाकतंय ते शोधायचं. गाठी दिसतील. सोडवायच्या आधी विचारीन.

हे सगळं मी काल दुपारी वहीत इथपर्यंत लिहिलं होतं. कूलर चालू होता, तीन दिवसांवर पेपर होता, आणि खिडकीखालचा पंप नुकताच थांबला होता. तेवढ्यात मोबाइलवर आगाशे मॅडमचा संदेश आला. त्या संदेशही पत्रासारखाच लिहितात, पूर्णविरामांसकट.

“आपले पत्र वाचले होते. उत्तराला उशीर झाला, कारण आधी झडप बदलायची होती आणि समितीला ते समजायला दोन बैठका लागल्या. सासूबाई शेवटचे चार महिने दुपारी शांत झोपत. मी त्याचे श्रेय इतकी वर्षे नव्या गोळ्यांना देत होते. गेल्या आठवड्यात मी स्वतः लोणी काळभोरला जाऊन आले. अण्णा तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा मी सेक्रेटरी म्हणून विचारले नाही. सोमवारपासून ते पंपावर आहेत. फडके त्यांनी स्वतःच्या हाताने सोडले. आवाज आला नाही. तुम्हाला फक्त एक आकडा कळवायला सांगितला आहे, म्हणाले, त्याला समजेल. बावन्न.”